बाळाची मान एकाच बाजूला राहत असेल तर: हलक्या हातानं घरी करायच्या गोष्टी

बाळाला कसंही ठेवलं तरी तोंड परत त्याच बाजूला जातं. एका बाजूचं दूध ओढताना ते कुरकुरतं. डोक्याची मागची एक बाजू हळूहळू चपटी दिसायला लागते. या गोष्टी एकत्र दिसल्या तर ‘सवय लागलीय, होईल सरळ’ म्हणून सोडून देऊ नका. पुष्कळदा मानेचा एक स्नायू आखडलेला असतो. तो पहिल्या तीन महिन्यांत लक्षात आला, तर बहुतेक बाळांची मान घरच्या घरी, हलक्या हातानं आणि बाळ सांभाळायच्या पद्धतीत थोडे बदल करून छान सुटते. सहा-आठ महिने गेले की हेच काम लांबतं, कारण तोवर बाळाच्या अंगात जोर येतो आणि ते मानेला हात लावू देत नाही.

मी मिरजेत लहान मुलांची फिजिओथेरपी करते. सांगली, जयसिंगपूर, शिरोळकडून बाळं येतात, पलीकडून अथणी-कागवाडहूनही येतात. आयांना मी समोर बसवून जे सांगते तेच इथं लिहिते आहे. परदेशात बाळंत झालेल्या आपल्या मुलींचेही फोन येतात. तिथं कुणीतरी ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे हातांनी उपचार करणाऱ्याकडे, जायला सुचवलेलं असतं आणि त्यांचा प्रश्न असतो, “ताई, नेऊ का?” त्याबद्दलही पुढं बोलते.

आधी नीट बघून घ्या

बाळ जागं आणि पोट भरलेलं असताना, पण दूध पिऊन पाऊण तास झाल्यावर, त्याला सतरंजीवर उताणं ठेवा. तुम्ही त्याच्या पायांकडे बसा. दोन मिनिटं हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. नाक छातीच्या मधल्या रेषेत आहे का? एक कान खांद्याकडे झुकलाय का? हनुवटी कुठं जातेय?

आखडणारा स्नायू कानामागच्या हाडापासून निघून पुढं कॉलरबोनपर्यंत तिरका उतरतो. उजव्या बाजूचा आखडला तर डोकं उजव्या खांद्याकडे कलतं आणि हनुवटी मात्र डावीकडे वळते. इथंच घरातल्यांचा गोंधळ होतो. बाळ डावीकडे बघतंय म्हणून सगळे डावी बाजू चोळत बसतात आणि अडचण उजवीकडे असते. पुढचं सगळं मी उजवा स्नायू आखडलाय असं धरून सांगते. तुमच्या बाळाचा डावा असेल तर सगळं उलट करा.

मग बाळाच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर तुमचा चेहरा आणा, बोला आणि हळूहळू उजवीकडे सरका. बाळ डोळ्यांनी मागोवा घेतं, पण मान अर्ध्यातच अडकते का? डावीकडे तेच करून बघा. दोन्ही बाजूंत फरक दिसला तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात बाळ हमखास झोपतं किंवा रडतं, तेव्हा तो व्हिडिओ फार कामाला येतो.

काही बाळांच्या मानेच्या बाजूला, त्या स्नायूतच, टणक गाठ लागते. ती जन्मावेळी जाणवत नाही, दोन ते चार आठवड्यांनी आई अंघोळ घालताना हाताला लागते. शिरोळकडची एक आई अशीच आली होती, रात्रभर झोपली नव्हती. गाठ म्हणजे कॅन्सर, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मी तिची मधली तीन बोटं धरून बाळाच्या मानेवर ठेवली आणि गाठीच्या वर-खाली सरकवली. स्नायूची दोरी वरून येते, मध्ये सुपारीएवढी जाड होते आणि परत बारीक होऊन खाली जाते, हे तिच्या बोटांना कळलं. कळलं तसा तिचा श्वास खाली बसला. अशी गाठ बालरोगतज्ज्ञांना दाखवायचीच, ते गरज वाटली तर सोनोग्राफी सांगतात. स्नायूतली गाठ असेल तर ती बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप विरते. तिला चोळायचं नाही, दाबायचं नाही, त्यावर हळद-चुना लावायचा नाही.

पोटातच जागा कमी पडणं, पायाळू असणं, जुळं असणं, पहिलटकरणीची अवघड सुटका, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून झालेला जन्म, अशा बाळांत हे जास्त दिसतं. आईनं काही चुकीचं केलं म्हणून हे होत नाही. हे मी प्रत्येक आईला सांगते, सासूसमोर तर मुद्दाम.

मान आखडलेल्या बाळाचे खुबे तपासून घ्या. या दोन गोष्टी कधी कधी जोडीनं येतात, आणि खुब्याचं लवकर कळलं तर उपचार सोपा असतो.

हात किती हलका हवा

स्वतःचा डोळा मिटा आणि पापणीवर बोट ठेवा. डोळ्याला सुखानं सोसेल तेवढाच दाब बाळाच्या मानेला आणि डोक्याला चालतो. पाठ, मांड्या, पोटऱ्यांना थोडा जास्त चालेल, पण तिथंही कातडी लाल व्हायला नको.

आपल्याकडे न्हाऊ घालणाऱ्या बाईंचा हात ही मोठी शिदोरी आहे. पायांवर बाळ आडवं घेऊन त्या जी मालिश करतात, त्यात बाळाला ऊब मिळते, ताल मिळतो आणि एका माणसाचं पूर्ण लक्ष मिळतं. मला त्या हातांबद्दल मनापासून आदर आहे. आमच्या भागात काही अक्का अशा आहेत की त्यांच्या पायांवर बाळ झोपी जातं. पण याच परंपरेत काही गोष्टी अशा शिरल्यात की त्या थांबवायलाच हव्यात. डोकं दोन्ही तळव्यांत दाबून गोल करणं, नाक चिमटून ओढणं, टाळूवर थापटून तेल जिरवणं, कानानाकात तेलाचे थेंब सोडणं, पाय धरून उलटं टांगणं. आणि बाळाची छाती पिळून त्यातलं दूध काढणं. नवजात बाळाची छाती आईच्या हार्मोन्समुळे फुगते आणि आपोआप उतरते. पिळलं की तिथं पू होऊ शकतो.

उलटं टांगण्याबद्दल एक गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात एका कायरोप्रॅक्टरनं, म्हणजे हातांनी मणक्यावर उपचार करणाऱ्यानं, दोन आठवड्यांच्या बाळाला घोट्यांना धरून उलटं लटकवल्याचा व्हिडिओ पसरला आणि तिथं मोठं काहूर उठलं. त्यानंतर मार्च २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कायरोप्रॅक्टिक मंडळानं दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्याला हातानं झटका द्यायचे उपचार करायला अंतरिम बंदी घातली. आपल्या न्हाणीघरात तेच रोज होतं आणि कुणी व्हिडिओ काढत नाही, एवढाच फरक.

अक्कांशी भांडू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि म्हणा, “अक्का, डॉक्टरांनी मानेला आणि डोक्याला हात लावू नका म्हणून सांगितलंय, बाकी अंग तुम्हीच करा.” बहुतेक जणी ऐकतात. माझ्या माहितीतल्या एका अक्कांनी तर पापणीची खूण ऐकल्यावर स्वतःच्या पापणीवर बोट ठेवून बघितलं, थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “एवढं हलकं होय? मग तर बसून निवांत करता येईल.” आता त्या नव्या बायकांना तसंच शिकवतात.

तेल खोबऱ्याचं घ्या. मोहरीचं नको, त्यानं बाळाच्या त्वचेचं कवच दुखावतं. आधी हातावर थोडं लावून दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरळ येतं का बघा. पायांपासून सुरू करा, कारण पायाला हात लावलेला बाळाला सगळ्यात आधी चालतो. मांडीकडून पावलाकडे सावकाश हात उतरवायचा. मग पोट, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, कारण मोठं आतडं त्याच दिशेनं जातं. बेंबीची नाळ पडून ती जागा कोरडी झाल्याशिवाय पोटाला तेल लावायचं नाही. मग हात, शेवटी पाठ. बाळानं तोंड फिरवलं, बोटं पसरली, पाठ ताठ केली, उचकी लागली की थांबा. ते ‘पुरे’ म्हणतंय. अंघोळीला उचलण्याआधी काख आणि मानेखालचं तेल कपड्यानं टिपून घ्या, तेलकट बाळ हातातून निसटतं. धुरी नको, ओव्याची नको आणि शेपाचीही नको. बाळाच्या छातीत धूर जाऊन कुणाचंही भलं होत नाही.

मान सुटण्यासाठी दिवसभरात काय करायचं

खरा उपचार इथं आहे. माझ्याकडे आठवड्यातून एकदा अर्धा तास येऊन जे होत नाही, ते घरात दिवसभर बाळाला कसं ठेवता, उचलता, पाजता यानं होतं.

झोपायची जागा बदला. आपल्याकडे पलंग भिंतीला टेकलेला असतो आणि आई एकाच बाजूला झोपते. बाळ आईकडे, उजेडाकडे, माणसांकडे तोंड करणारच. म्हणून भिंत त्याच्या डावीकडे आणि तुम्ही, दार, आवाज उजवीकडे येतील असं त्याला ठेवा. खोली तशी नसेल तर डोकं उशाकडून पायथ्याकडे फिरवा, काम तेच होतं. झोपवायचं मात्र नेहमी उताणंच, सपाट आणि घट्ट गादीवर.

मोहरीच्या उशीबद्दल सगळ्या घरांत विचारतात. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशी नको, मोहरीची नको आणि दुकानातली मधे खड्डा असलेलीही नको. तोंड त्यात रुतलं तर श्वास कोंडतो. डोकं गोल होतं ते एकाच जागी पडणारा दाब कमी झाल्यानं, आणि त्यासाठी बाळ जागं असताना पालथं ठेवणं हा उशीपेक्षा कितीतरी चांगला उपाय आहे. साडीच्या झोळीचंही तसंच. झोळीत अंग वाकतं, हनुवटी छातीला लागते आणि मान वळवायला जागाच राहत नाही. मान आखडलेल्या बाळाला झोळीत झोपवणं बंदच करा.

पालथं ठेवणं पहिल्या आठवड्यापासून सुरू करता येतं. तुम्ही मागं रेलून बसा आणि बाळाला छातीवर पोटावर झोपवा. ते तुमचा चेहरा बघायला मान उचलतं. तुम्ही जागं राहायचं. पुढं सतरंजीवर, छातीखाली गुंडाळलेलं दुपटं ठेवून करा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ च्या सूचनांत अजून सरकू न लागलेल्या बाळांसाठी जागेपणी दिवसातून निदान ३० मिनिटं सांगितली आहेत, तीही दिवसभर विभागून. एका वेळी दोन-तीन मिनिटांवर बाळ रडायला लागलं तर तेवढंच करा आणि लंगोट बदलताना परत करा. खेळणं, आरसा, मोठ्या भावंडाचा चेहरा उजवीकडे ठेवा.

दूध पाजताना ज्या बाजूला बाळ ओढत नाही, तिथं घेताना त्याला उलटं फिरवू नका. आहे त्याच तोंडानं सरकवून काखेखाली घ्या, म्हणजे त्याचे पाय तुमच्या पाठीकडे जातील. मान वळवायचा सराव दुसऱ्या वेळी होईल. पिताना बाळाचं पोट भरणं महत्त्वाचं.

उचलून घ्यायची एक पकड मी सगळ्यांना शिकवते, कारण तिच्यात व्यायाम होतोय हे बाळाला कळतही नाही. बाळाची पाठ तुमच्या पोटाला लावा, तोंड बाहेर. त्याला उजव्या कुशीवर आडवं करा, डोकं तुमच्या उजव्या हाताकडे. उजवा हात त्याच्या उजव्या कानाखालून, कान आणि खांदा यांच्या मध्ये येऊ द्या. डावा हात दोन्ही पायांच्या मधून घालून अंग पेला. आता डोकं तुमच्या हातावर किंचित वर उचललेलं राहतं आणि अंगाच्या वजनानं उजवा खांदा कानापासून दूर होतो. असं घेऊन अंगणात फिरा, तुळस दाखवा, रस्त्यावरच्या गाड्या दाखवा. वडिलांना आणि आजोबांना ही पकड फार जमते. हात लांब असतात.

हातानं मान ताणण्याचा व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टनं बाळ तपासून, तुमच्याकडून समोर करून घेतल्यावरच करायचा. तो कसा असतो ते सांगते, म्हणजे कुणी झटका देत असेल तर तुम्हाला ओळखता येईल. बाळ उताणं असतं. एका तळव्यानं डावा खांदा अलगद धरायचा, दुसरा तळवा गालाखाली, आणि हनुवटी उजव्या खांद्याकडे न्यायची. जिथं अडतं तिथं थांबायचं आणि बाळ खुशीत असेल तोवर, फार तर ३० सेकंद, तिथंच राहायचं. पुढं ढकलायचं नाही. बाळ अंग ताठ करून विरोध करायला लागलं, रंग बदलला, श्वास बदलला की सोडून द्यायचं. ‘कट’ असा आवाज येणं हे यात कुठंच बसत नाही.

बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून आवळू नका. पाय बेडकासारखे वाकलेले आणि मोकळे राहिले तर खुब्याची वाटी नीट बनते. मान धरल्यावर कडेवर घ्यायची आपली जुनी पद्धत खुब्यांना उत्तमच.

ऑस्टिओपॅथकडे न्यावं का

ऑस्टिओपॅथी ही हातांनी उपचार करायची पद्धत अमेरिकेत १८७४ मध्ये अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरीतल्या किर्क्सव्हिल गावात पहिली शाळा काढली. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या विल्यम सदरलँड यांनी पुढं कवटीची हाडं सूक्ष्म हलतात आणि ती हातांनी जाणवतात, असा विचार मांडला. बाळांवर जो अगदी हलका हात ठेवतात तो बराचसा तिथून आलाय. अमेरिकेत ‘डी. ओ.’ लिहिणारे पूर्ण डॉक्टरच असतात, औषधं आणि शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये ते वेगळे थेरपिस्ट असतात, पण १९९३ च्या कायद्यानं तिथल्या जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवता येत नाही. म्हणून लंडनकडच्या मुलींना मी सांगते, आधी ती नोंदणी बघ.

माझं मत स्पष्ट आहे. चांगल्या ऑस्टिओपॅथचा हलका हात बाळाला शांत करतो, आणि आईला कुणीतरी निवांत अर्धा तास ऐकून घेतं, याचं मोल मी जाणते. पण कवटीची हाडं ‘जागेवर बसवतो’, दमा घालवतो, ऑटिझम बरा करतो असं कुणी म्हणालं, तर बाळाला उचलून बाहेर पडा. पोटशुळाचंच घ्या. २०१२ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळून बघणाऱ्या संस्थेनं अशा हाताच्या उपचारांचे सहा अभ्यास एकत्र तपासले, मिळून ३२५ बाळं होती. आईवडिलांना रडणं कमी झाल्यासारखं वाटलं होतं. पण बाळाला उपचार मिळाला की नाही हे त्यांना माहीत नसलेले अभ्यास तेवढे घेतले, तर हा फरक ठामपणे उरला नाही. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याला शिगेला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरतं. सहाव्या आठवड्यात सुरू केलेला कुठलाही उपाय म्हणूनच गुणकारी वाटतो, मग तो हिंगाचा लेप असो नाहीतर महागडा थेरपिस्ट.

आत जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. माझ्या बालरोगतज्ज्ञांचा कागद तुम्ही वाचाल का? मणक्याला किंवा मानेला झटका देणार का? सगळा वेळ बाळ माझ्या मांडीवर राहू शकतं का? उत्तरं हो, नाही, हो अशीच यायला हवीत. मान आखडलीय असं तपासणीत ठरलं असेल तर ऑस्टिओपॅथ फिजिओथेरपीला जोड म्हणून ठीक, तिच्याऐवजी नको.

हात बाजूला ठेवून डॉक्टरांकडे पळायचं तेव्हा

तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ सेल्सिअस किंवा त्यावर ताप, शांत बसवलं असतानाही टाळू फुगलेली, हिरवी उलटी, दूध न ओढणं, अंग लोळागोळा होणं, झटके, थांबतच नाही असं किंचाळत रडणं. यात मालिश नाही, व्यायाम नाही, गाडी काढायची. जन्मापासून एक हात हलत नसेल तर त्याच आठवड्यात दाखवा, खांद्याच्या नसा ताणल्या गेलेल्या असू शकतात किंवा कॉलरबोन मोडलेलं असू शकतं.

मान कलण्याची सगळीच कारणं स्नायूत नसतात. मान दोन्हीकडे सहज वळते आणि तरी डोकं कललेलंच असतं, तर डोळे तपासून घ्या. दूध प्यायल्यावर बाळ कमान करून मान वाकडी करत असेल तर छातीत दूध वर येत असेल. डोक्याच्या हाडांच्या सांध्यावर उंचवट्याची कडक रेघ लागत असेल तर सांधा वेळेआधी जुळलाय का ते बघावं लागतं, आणि तिथं कुठलीही मालिश कामाची नाही. चालायला लागलेल्या मुलाची मान अचानक वाकडी झाली, त्यात ते अडखळतंय किंवा सकाळी उलट्या होतायत, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

पहिल्या भेटीला येताना जन्माचा डिस्चार्ज कागद, लसीकरणाचं कार्ड, तो व्हिडिओ आणि एक आवडतं खुळखुळं घेऊन या. डोक्याचा घेर दर लसीकरणाला मोजून कार्डावर लिहून घ्या, नर्सनं विसरलं तर आठवण करा. मान पूर्ण सुटली असं वाटलं तरी बाळ चालायला लागेपर्यंत मधूनमधून दाखवत राहा. दात येताना, आजारपणात किंवा नवीन उभं राहताना कललेपण काही दिवस परत डोकावतं. तेव्हा कडेवर घ्यायची बाजू बदलायची, ती आडवी पकड परत सुरू करायची आणि दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर फोन करायचा.